फळ्यावरच्या मोकळ्या रेघा

आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांच्या नावांचा लाकडी फळा आहे. काल पेंटर तो नव्याने रंगवत होता. जुन्या नावांपुढे कुठे तीन वर्षं, कुठे सहा. शेवटच्या नावापुढे फक्त सुरुवातीचं साल, आणि त्याखाली पुढच्यांसाठी आखून ठेवलेल्या पाच मोकळ्या रेघा.

वाचनालयाच्या घटनेत अध्यक्षाला दोनच मुदतींची अट होती. ती काढायचा ठराव आला तेव्हा सभागृहात बटाटेवड्यांचा वास सुटला होता. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. आत्ताचा अध्यक्ष माणूस चांगला आहे, मग कशाला अट, असंच वाटलं होतं.

काल टेबलावरच्या वर्तमानपत्रात कुठल्याशा देशाने राष्ट्राध्यक्षांवरची मुदतीची अट काढल्याची बातमी होती. तिथेही रणगाडे आले नसतील. असेच हात वर झाले असतील. अट घालणाऱ्यांनी ती आमच्यासारख्या भिडस्तांना ओळखूनच घातली होती, हे आता कळून काय उपयोग.

"साहेब, या खालच्या रेघा ठेवू की बुजवू?" पेंटरने विचारलं.

मी बातमी वाचत असल्यासारखं केलं. त्याने ब्रश बुडवला आणि पहिली रेघ बुजवली.