ओळख पटेपर्यंत

वाळवंटातल्या आमच्या तंबूत बायकोच्या एका चपलेवर वाळूच्याच रंगाचा कोळी बसला होता आणि दुसरी चप्पल तिने उगारली होती.

"थांब, ओळख तरी पटू दे," म्हणत मी चष्मा चढवून ओणवा झालो. पाय मोजले, दहा भरले.

"बाबा, आठच! पुढची जोडी चाचपायची," प्राणिशास्त्र शिकणारी लेक म्हणाली.

डोळेही आठ: खाली चार बारीक, वर चार टपोरे. पाठ खडबडीत वाटली म्हणून आणखी वाकलो, तर ती खडबड हलली. पिल्लंच पिल्लं!

"अगं बाई, लेकुरवाळी आहे!" बायकोने उगारलेली चप्पल हळूच खाली ठेवली.

माणसांना ओळखताना मी एवढा कधी वाकलो होतो?

बायको अनवाणीच जेवायला निघाली.