गोठ्यातलं घरचं दूध

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘पट्टीताई’ म्हणत. दुधात गुरांच्या औषधाचा अंश उरलाय का, ते दाखवणारी कागदी पट्टी ती तयार करत होती. त्यासाठी लागणारी अँटिबॉडी, म्हणजे औषधाला नेमकं चिकटणारं प्रथिन, पूर्वी सशांना औषध टोचून मिळवत. तिने त्या अँटिबॉडीचं जनुक जीवाणूंत घालून, एकेक बदल करत कितीतरी तल्लख अँटिबॉडी घडवली. दूध स्वच्छ असेल तर पट्टीवर लाल रेघ उमटायची. औषध असेल तर जागा कोरी.

आणि आता नेमक्या स्वच्छ म्हणून घेतलेल्या नमुन्यातच रेघ उमटेना.

“दुधातल्या भलत्याच कशाला तरी चिकटतेय ती,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. “सोमवारी तपासणी समिती येतेय. जुनीच पट्टी दाखवू.”

तिने दुकानातल्या दुधात पट्टी बुडवली. रेघ ठसठशीत. पुन्हा त्या नमुन्यात बुडवली. कोरी. नमुना तिच्या दादाच्या गोठ्यातला होता. घरचं दूध म्हणून तिने कधी शंकाच घेतली नव्हती.

कुणालाही न सांगता तिने बस धरली.

वहिनी धार काढत होती. दादाने हसून स्टूल पुढे सरकवलं. “काय गं, आज वाट चुकलीस?”

“दादा, कुठल्या गाईला औषध चालू आहे का?”

त्याचं हसू मावळलं. “चौकशीला आलीयेस?”

“सांग ना.”

“कोपऱ्यातलीची कास सुजली होती. डॉक्टरांनी सुई दिली. आता बरी आहे.”

“आणि तिचं दूध?”

दादा झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागला. “एवढ्या दुधात एका गाईचं काय कळतंय? दूध केंद्रावर तपासतात की.”

“त्यांच्या पट्टीला एवढं थोडं दिसत नाही. माझ्या नव्या पट्टीला दिसलं.”

वहिनीचे हात थांबले. “आपली पोरगी हेच पितेय,” ती म्हणाली.

“मी केंद्रावर सांगणार आहे, दादा. तू आधी सांगितलंस तर बरं.”

वहिनीने उठून कॅन मोरीत उपडा केला.

सोमवारी तिने समितीला दोन्ही पट्ट्या दाखवल्या आणि नमुना कुठला, त्यात औषध कसं आलं तेही सांगितलं. नवी पट्टी मान्य झाली. दादाने केंद्रावर स्वतःच सांगितलं होतं, तरी बरेच दिवस त्याचं दूध केंद्रावरून परत यायचं. वहिनी फोन करायची. दादा मात्र बहिणीशी बोलेना.

मग एका सकाळी त्याचाच फोन आला. आवाज कोरडा होता.

“तांबडीला सुई दिलीय. केंद्रावर दूध कधीपासून घालू?”

तिने औषधाचं नाव विचारलं, किती दिवस थांबायचं ते सांगितलं.

“बरं,” म्हणून त्याने फोन ठेवला.