ओला प्लग

त्या आठवड्यात पावसाने बायकोचं एक डायलिसिस बुडवलं होतं. दुसरं बुडून चालणार नव्हतं. पाय सुजलेले, दोन शब्द बोलली की धाप, अशी ती सकाळी नऊपासून गाडीत बसून होती. फुलपाड्याच्या रस्त्यांवर पाणी, रिक्षावाले यायला तयार नव्हते. आमची जुनी पेट्रोल गाडी तेवढी होती आणि ती सुरू होत नव्हती.

मी गोखिवऱ्यात तीस वर्षं गॅरेज चालवणारा मिस्त्री. इंजिनातला ठिणगीचा प्लग काढून नाकाला लावला की गाडीचं दुखणं सांगायचो. दोन वर्षांपूर्वी एका तापात माझा वास गेला, तो परत आलाच नाही. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. नाक गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार?

प्लग काढला तर ओला. पेट्रोल येतंय असं धरून मी ठिणगीच्या करंटच्या मागे लागलो. डिस्ट्रिब्युटरची टोपी पुसली, पॉइंट घासले. ठिणगी चांगली निळी पडायला लागली, तरी गाडी ढिम्म. बॅटरी उतरत चालली. साडेदहा वाजले. मी इंजिनाला शिव्या घालत होतो आणि आतून पार खचलो होतो. मागे तिच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

शेवटी प्लग घेऊन तिच्याकडे गेलो. "जरा वास घेऊन बघ. मला येत नाही."

तिने प्लग नाकाशी धरला. "पेट्रोलचा वासच नाय याला. पानी हाय."

टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं होतं, तिथून पावसाचं पाणी आत गेलं होतं. बदलू बदलू म्हणत मीच चालढकल केली होती. मी टाकीखालची नळी सोडली आणि बाटलीच्या टोपणात थोडं थोडं धरून तिच्यापुढे नेऊ लागलो. तिला धाप लागलेली, तरी ती प्रत्येक टोपण हुंगत होती. "पानी." "अजून पानीच." पाचव्या की सहाव्या खेपेला म्हणाली, "आता पेट्रोल."

कार्बोरेटर रिकामा करून पुन्हा भरला. गाडी सुरू झाली.

"तुमचा वास गेलाय ते मला कवापासून ठावं हाय," वाटेत ती म्हणाली. "मग मघाशीच का नाय इचारलं?"

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिच्यासाठी मशीन राखून ठेवलेल्या चार तासांपैकी दोनच उरले होते. बाकीचे दोन मी माझ्या नाकासाठी खर्च केले होते.