उभ्यानं वाजवलेला अल्बम

सकाळी मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. माझे सासरे, गोटीराममामा, ओट्याशी उभे राहून सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती ग्लासातल्या पाण्यात भिजवत होते. तेवढ्यात दार वाजलं.

"उघड. प्रीतम असंल," मामा म्हणाले. जणू वाटच बघत होते. बघतच होते म्हणा.

प्रीतम म्हणजे मामांच्या जुन्या बँडचा मालक, त्यांच्या मित्राचा मुलगा. कोपरखैरण्यातल्या हळदींत मामांनी उभी हयात त्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला. माझ्या नणंदेच्या, स्नेहलच्या हळदीत ते धवला वाजवत होते. हळदीला बायका म्हणतात ते गाणं. चाल मामांच्या आईची. अर्ध्यावर प्रीतमने त्यांना थांबवलं आणि माईकवर म्हणाला, "काकांचा दम संपला. खुर्ची द्या त्यांना." मांडव हसला. उरलेला धवला कीबोर्डवर झाला. मामा खुर्चीत बसले नाहीत, तडक घरी आले.

त्यानंतर रोज दुपारी खिडक्या लावून उभ्यानं रियाज. मग धवल्यांचा अल्बम काढायचं ठरलं, मोठ्या ताफ्याचा: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल आणि गायला गावातल्या धवलारणी. वादक कुठले? सगळे प्रीतमचेच. अल्बमवर नाव येणार म्हटल्यावर कोण नाही म्हणतो?

प्रीतमच्या बहिणीची, तेजश्रीची पत्रिका आली, तेव्हा मामा कधी नव्हे ते खुदकन हसले. रबाळ्याचा स्टुडिओ त्यांनी नेमका तिच्या हळदीच्या दिवशीचा घेतला. घरचंच कार्य, आपलीच माणसं, म्हणून प्रीतमने वादकांना सुपारीच दिली नव्हती. मामांनी दिली. नारळ घेऊन एकेकाच्या दारी गेले. बँडवाल्याने एकदा सुपारी घेतली की तो दुसरीकडे जात नाही.

आज तीच हळद. प्रीतम चहाला शिवला नाही. दुसरा बँड कुठेच मिळत नाही, मांडव सुना राहील, तेजश्री रडतेय, असं सांगत राहिला. पोरीच्या नावाने मामा विरघळतील असं मला वाटलं. ते पत्ती पुसत होते.

"रेकॉर्डिंग संध्याकाळपर्यंत आटपंल," ते म्हणाले. "सगल्यांना घेऊन मीच येन. धवला मी वाजवीन, पुरा."

प्रीतम पाया पडायला वाकला. मामांनी पाय मागे घेतले.

"एकच मागनं हाय. मी वाजवीन तवर तू मांडवात मधोमध उभा रव. कोनी खुर्ची दिली तरी घेव नको."