मधले सात फर्मे

ज्या कादंबरीला मी बारा वर्षं नावं ठेवतोय, तीच माझ्या उशाशी असते. तिच्यात नायकाची बहीण चौथ्या प्रकरणात विहिरीवर जाते आणि पुढं लेखक तिला साफ विसरून जातो. वाक्यं एवढी लांबलचक, की शेवटाला पोहोचेस्तोवर सुरुवात कशाची होती ते आठवत नाही. आणि मधे नायक एका कचेरीबाहेरच्या बाकावर बसून राहतो, तब्बल एकशे बारा पानं. काहीही घडत नाही. तरी दर दीड-दोन वर्षांनी मी ती पुन्हा वाचायला घेतो, बाकाची पानं तेवढी ओलांडून. बायको म्हणते, एवढा त्रास होतो तर देऊन टाका कुणाला तरी. तसं काही माझ्याच्यानं होत नाही.

मागच्या महिन्यात पुस्तकाची शिवण उसवली. नवी प्रत कुठं मिळत नाही, म्हणून गुलमंडीमागच्या बाइंडर चाचांकडं नेलं. गिऱ्हाईक बोलेल ते चाचा चिठ्ठीवर लिहितात, चिठ्ठी पुस्तकात खोचतात आणि तेवढंच करतात. स्वतःचं डोकं लावत नाहीत, हाच त्यांचा लौकिक. सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करता करता त्यांनी विचारलं, आणखी काही? मला चेष्टा सुचली. म्हटलं, दोनशे नऊ ते तीनशे वीस काढून टाका, पुस्तक सुधारेल. चाचा हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. मी मात्र आपल्याच विनोदावर खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैठणच्या शाळेला निघालो. एसटीत शेजारची बाई फोनवर कुणाला तरी विचारत होती, ताप उतरला का? मला एकदम बाकाची पानं आठवली.

बाकाची पानं मी एकदाच वाचली होती. आई दवाखान्यात होती तेव्हा, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून. नर्स ताप सांगायची आणि मी समोर उघड्या असलेल्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं आकडा लिहायचो. एकशे दोन. एकशे एक. पुन्हा एकशे तीन. त्या दिवसांत दुसरं कुठलंच पुस्तक मला सोसलं नसतं. काही घडणारं वाचायची ताकदच नव्हती. आणि नेमकी तीच पानं मी रद्दीत घालायला सांगून आलो होतो.

फोन लावला. हाताला चिकटवायची खळ लागलेली असली की चाचा फोन उचलत नाहीत. चार वेळा लावला. शेवटी बिडकीनला उतरलो, तब्येत बरी नाही असं मुख्याध्यापकांना खोटंच कळवलं आणि परतीची गाडी येईस्तोवर रस्त्याकडेला येरझाऱ्या घातल्या. रद्दीवाला चाचांकडं सकाळीच येतो, हे मला माहीत होतं. चेष्टा करण्याच्या माझ्या खोडीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुकानात शिरलो तर रद्दीचा कोपरा झाडून स्वच्छ केलेला. चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि वजनाखालचा एक गठ्ठा काढून पुढं सरकवला. सात फर्मे.

"तुम्ही बोलले म्हणून लिहिलं, सर. पण कडेला आकडे दिसले. बुखारचे वाटले. मग हात नाय चालला."

ती चिठ्ठी फाडा, मी म्हटलं. मग त्यांनी अडचण सांगितली. शिवल्यावर पुस्तक कटरखाली घ्यावं लागतं, आणि आकडे अगदी कडेला आहेत, निम्मे उडतील. कटिंग नाही मारलं तर पानं खालीवर राहतील, पुस्तक बेढब दिसेल.

"दिसू द्या," मी म्हणालो.

आता ते तसंच बेढब माझ्या उशाशी आहे. त्या बहिणीपायी लेखकाला मी अजूनही शिव्या घालतो. शेवटचा आकडा तीनशे अठराव्या पानावर आहे, आई गेली त्या सकाळचा. त्यापुढची दोन पानं मी अजून वाचलेली नाहीत. नायक त्या बाकावरून कसा उठतो, ते मला माहीत नाही.