वहिनींनी उसवलेल्या शिवणी

आमच्या वहिनींना गिऱ्हाइकं टेपबाई म्हणायची. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्यांनी नजरेनंच त्याची छाती-कंबर मोजलेली असायची. "साहेब, पोट आत ओढू नका, कोट तुम्हालाच घालायचाय," असं ऐकून भलेभले ओशाळायचे. दादा गेल्यावर शिवणाचं दुकान त्यांनी एकटीनं उभं ठेवलं. मी धाकटा दीर, इस्त्रीवाला, हुकमाचा ताबेदार.

मग संधिवातानं त्यांना गाठलं. म्हातारपणी गुडघे धरतो तो नव्हे. हा चाळिशीतच बोटं सुजवून वाकडी करणारा. सकाळी कात्रीच्या कड्यात अंगठा शिरायचा नाही. मी इस्त्रीनं कापड गरम करून त्यांच्या हातांना गुंडाळायचो, तेव्हा कुठे तासाभरानं मुठी उघडायच्या.

"कात्री सुटली की मी संपले, भावजी," त्या म्हणायच्या, आणि त्यात नाटक नव्हतं.

डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं, पण बजावून दिलं. "दुसरं औषध लागू पडेपर्यंतच हे. डोस उतरवत न्यायचा. दर महिन्याला रक्तदाब आणि साखर तपासायची. चेहरा सुजला, वजन वाढलं, तर लगेच या. या आजारात रक्तवाहिन्या आधीच खराब होतात. वर ही गोळी जास्त झाली तर पक्षाघाताचा धोका वाढतो."

पण त्या गोळीनं आठवड्यात बोटं मोकळी केली! वहिनी सपसप कापड कापत हसल्या, तेव्हा माझे डोळे भरून आले. पुढे शाळांच्या गणवेशांचा हंगाम आला. डोस उतरवायचा तर त्यांनी वाढवला, तपासणीला दांडी मारली. औषधवाला ओळखीचा, त्याला जुनी चिठ्ठी चालायची. गोळ्या आणायला कोण जायचं? मीच.

चेहरा गोल झाला. "टेपबाई, तब्येत सुधारली हो!" गिऱ्हाइकं म्हणायची. आमच्या धंद्यात प्रत्येक शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला माया म्हणतात. स्वतःचा कपडा आवळला की वहिनी शिवण उसवून ती सोडायच्या. चार महिन्यांत तीनदा. दुसऱ्या कुणाला कपडे होईनासे झाले असते तर तो घाबरून डॉक्टरकडे गेला असता. वहिनींचे कपडे कायम मापात. जगाच्या कमरा मोजणारी बाई स्वतःला टेप लावायला विसरली, आणि मी मठ्ठ समोर बसून कॉलरी दाबत होतो.

त्या दिवशी सकाळी आठला त्यांची खडूची रेघ तिरकी गेली.

"आज कोटाला तीन बाह्या का?" मी चेष्टा केली. त्या हसल्या नाहीत. उजव्या हातातला खडू खाली पडला. मला वाटलं, बोटं आखडली. रोजच्यासारखं कापड गरम केलं, गुंडाळलं. गार झालं, पुन्हा गरम केलं. त्या काहीतरी अडखळत सांगत होत्या. "बोलू नका, पडून राहा," म्हणून मीच त्यांना गप्प केलं. दुपारी तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं तेव्हा गाडी शोधत धावलो.

"कधी सुरू झालं?" इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं.

"आठला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजले होते. "पक्षाघात आहे. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ टळून गेली," ते म्हणाले. एकट्या गोळीवर खापर फोडता येणार नाही, असंही म्हणाले. आजार होता, वाढलेला रक्तदाब होता. मी खापर फोडायला डोकं शोधत होतो. ते माझ्याच खांद्यांवर होतं.

उजवा हात गेला, बोलणं गेलं. घरी आल्यावर मी संतापानं गोळ्यांची पाकिटं कचऱ्यात भिरकावली. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते ओरडलेच. "इतके महिने घेतलेली गोळी एकदम तोडलीत तर त्या जिवानिशी जातील! हळूहळूच उतरवायची."

म्हणून आता रोज सकाळी ती गोळी मीच त्यांच्या तोंडात घालतो. वहिनी ओठ घट्ट मिटून घेतात. मी हनुवटी धरतो, "वहिनी, उघडा ना," म्हणून विनवतो, आणि त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहतात.