पाटीवरचा लेक

घरी लोखंडी प्लेट कापायची होती. येरमाळ्याच्या हार्डवेअर दुकानात हॅक्सॉ घ्यावा की ग्राइंडर, याचा घोळ घालत मी उभा होतो. शेजारी उभे असलेले म्हातारे वेल्डर म्हणाले, "किती जाड हाय?"

"पाच एमएम."

"मग ग्राइंडरच घ्या. हॅक्सॉनं हातानं कापायला दिस मोडंल."

स्वतः मात्र हॅक्सॉ ब्लेडचे दात अंगठ्यानं चाचपत होते. मनगटापर्यंत ठिणग्यांचे जुने डाग.

"मग तुम्ही ब्लेड का घेताय?"

"शेडवर प्लेटीची पाटी हाय, 'बाप-लेक वेल्डिंग'. लेक वारला. तेवढा शब्द कापायचाय."

ब्लेड कागदात गुंडाळत ते पुटपुटले, "ग्राइंडरनं लगीच तुटंल. हातानं कापलं तर दोन दिस तरी जोडून ऱ्हाईल."

घरी माझी प्लेट दोन मिनिटांत तुटली.